आरसा हवा की नको?

कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही. सोनीने आपले डीएसएलआर बंद करून टाकले. आरशाचे कॅमेरे निष्ठेने बनवत राहिली ती पेन्टॅक्स. म्हणजे आरशाचा डीएसएलआर की बिनआरशाचा मिररलेस, हा वाद कारखान्यांच्या लेखी मिटला आहे. विकत घेणाऱ्याच्या लेखी मात्र तो मिटलेला नाही, कारण नामांकित डीएसएलआर आज वापरलेल्या बाजारात अशा किमतीला मिळतात की मोजके पैसे गाठीला असलेल्या माणसाने थांबून विचार करावा. जुना पण अव्वल कॅमेरा घ्यावा, की नवा पण त्याच्या श्रेणीत धाकटा?

या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंमध्ये सत्य आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून त्या एका मामा-भाचीच्या तोंडी घातल्या आहेत. मामा साताऱ्यात स्टुडिओ चालवतो. लग्नं, मुंजी, नाटकं, गाण्याचे कार्यक्रम हे त्याचं काम. भाची पुण्यात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी पक्ष्यांच्या मागे असते. जुन्या कॅमेऱ्याची बाजू भाची मांडते, नव्याची मामा.

भाची: मामा, माझं जवळजवळ ठरलंय. निकॉनचा डी ५०० सेकंडहँड घ्यायचा आणि त्यावर २००-५०० ची लेन्स, तीही वापरलेली. साठवलेल्या पैशांत दोन्ही बसतं.

मामा: डी ५०० ला नावं ठेवणारा फोटोग्राफर मला अजून भेटायचाय. २०१६ मध्ये आला तेव्हा सेकंदाला १० फ्रेम आणि १५३ फोकस पॉइंट, तेही या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेले. पण आज सुरुवात करणारीने आजच्या यंत्रावर करावी. निकॉनचाच मिररलेस झेड ५० टू घे. नवा कोरा, वॉरंटीसकट.

भाची: दोन्हींची माहिती मी शेजारी ठेवून वाचली. डी ५०० चा सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा, डीएक्स आकाराचा. झेड ५० टूचाही २०.९ चाच, त्याच आकाराचा. संध्याकाळी उजेड गेला, आयएसओ वाढवला, की दोघांचे फोटो शेजारी ठेवून कुठला कुणाचा ते सांगणं कठीण. मग नव्याला जास्त पैसे कशाचे मोजायचे?

मामा: सेन्सरचे नाहीत, हे मान्य. फोकसचे मोजायचे. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडतो. त्यातला बराचसा वर पेंटाप्रिझममध्ये जाऊन तुझ्या डोळ्याला दिसतो आणि थोडा मुख्य आरशातून पार होऊन मागच्या छोट्या आरशावरून खाली, फोकसच्या वेगळ्या सेन्सरकडे वळतो. म्हणजे फोकस मोजला जातो एका ठिकाणी आणि फोटो उमटतो दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी असली तरच फोटो नेमका येतो. आरशाच्या बैठकीत किंवा लेन्समध्ये किंचित फरक पडला की फोकस डोळ्याऐवजी कानावर बसतो, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये ते कळतही नाही. मिररलेसमध्ये जो सेन्सर फोटो घेतो तोच फोकस मोजतो. चुकीचं हे कारणच उरत नाही.

भाची: त्यासाठी डीएसएलआरमध्ये लेन्सप्रमाणे फोकस जुळवून घ्यायची सोय असते ना? डी ५०० मध्ये तर लाइव्ह व्ह्यूच्या मदतीने कॅमेरा स्वतःच ते जुळवतो.

मामा: असते. पण झूम लेन्सला एका टोकाला जुळवलं की दुसऱ्या टोकाला थोडं बिनसतं. माझ्या कामात ते परवडत नाही. ८५ ची लेन्स एफ १.४ वर उघडून दोन मीटरवरून नवरीचा फोटो घेतला, तर फुल फ्रेमवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा असतो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचं अंतर त्याहून मोठं. मुंडावळ्या स्पष्ट आणि डोळे धूसर, असा फोटो अल्बममध्ये लावता येत नाही.

भाची: तुझ्या कामाचं पटलं. पण माझं गणित वेगळं आहे. माझी लेन्स एफ ५.६ ची. भिगवणला होडीतून वीस मीटरवरचा पक्षी टिपला तर ५०० मिलिमीटरवरही स्पष्ट पट्टा पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. बगळ्याचं डोकं, चोच, मान सगळं त्यात मावतं. ज्या दुखण्याचा तुला त्रास, ते माझ्याकडे त्या तीव्रतेने येतच नाही.

मामा: बसलेल्या बगळ्याला येणार नाही. पण तू उडणाऱ्या पक्ष्यांसाठीच पाण्यावर जातेस. उजनीवर नदीसुरय पाहिलायस ना? कधी डावीकडे वळेल, कधी सूर मारेल, सांगता येत नाही. डीएसएलआर तुझ्या फोकस पॉइंटखाली जे असेल त्याच्यावर फोकस करतो. सुरय सरकून मागची पाणगवतं पॉइंटखाली आली की तो गवतावर जाऊन बसतो. डी ५०० रंगावरून माग काढायचा प्रयत्न करतो, पण हा पक्षी आहे आणि हा त्याचा डोळा आहे हे त्याला कळत नाही. झेड ५० टूमध्ये पक्षी ओळखायची वेगळी सेटिंग आहे. कॅननने २०२० च्या आर ५ आणि आर ६ मध्ये पक्षी ओळखणारा फोकस आणला, नंतर सगळ्यांनीच आणला. पक्षी फ्रेमच्या कोपऱ्यात असला तरी चौकट त्याच्या डोळ्यावर जाऊन चिकटते.

भाची: गर्द काटक्यांत पक्षी असला की ती चौकटही भलतीकडे जाते, मी मित्राच्या कॅमेऱ्यावर पाहिलंय. तेव्हा शेवटी एकच पॉइंट निवडून, फांद्यांमधल्या फटीतून फोकस करावा लागतो. ते हाताला येणं मला जास्त गरजेचं वाटतं. सुरय कुठल्या बाजूने येणार, वारा कुठून आहे, मासा दिसल्यावर तो हवेत थबकतो तो क्षण कसा ओळखायचा, हे शिकायचंय. यंत्राने डोळा शोधून दिला तर मी काय शिकणार?

मामा: तू आत्ता जे जे सांगितलंस ते सगळं! वारा, मासा, थबकणं, मागचा रंग, फ्रेममध्ये पक्ष्यापुढे सोडलेली जागा. डोळ्यावर पॉइंट धरून ठेवायच्या धडपडीत या सगळ्याकडे लक्ष देता येत नाही. ते ओझं उतरलं की लक्ष पक्ष्याकडे जातं. पूर्वी फिल्मवर हाताने फोकस करत होते, तेही मोठं कौशल्य होतं. ऑटोफोकस आल्यावर चांगले फोटोग्राफर कमी झाले नाहीत.

भाची: खरंय, ते मी नाकारत नाही. पण व्ह्यूफाइंडरचं काय? डी ५०० मध्ये डोळा लावला की प्रत्यक्ष पक्षी दिसतो, त्याच्या अंगावरचा त्या क्षणीचा प्रकाश दिसतो. कॅमेरा बंद असला तरी दिसतो. सकाळभर मी त्याच लेन्समधून दुर्बिणीसारखी न्याहाळत बसू शकते, बॅटरी खर्चच होत नाही. मिररलेसमध्ये मी एक छोटी स्क्रीन बघत असते. आठवडाभर ऑफिसात स्क्रीनच बघते मी.

मामा: हे मला समजतं. मीही वर्षानुवर्षं काचेतूनच पाहत आलो, आणि झेड ६ थ्री घेतल्यावर पहिले काही दिवस परकं वाटलं. पण शिकणाऱ्यासाठी त्या स्क्रीनचा एक गुण फार मोठा आहे. काळसर पाण्यावर पांढरा बगळा उभा असतो. कॅमेरा सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो, पाणी काळं म्हणून प्रकाश वाढवतो, आणि बगळ्याची पिसं कोऱ्या कागदासारखी पांढरीफक होतात. त्यात तपशील उरत नाही, रॉ फाइलमधूनही पूर्ण परत येत नाही. डीएसएलआरच्या काचेत तुला बगळा छान दिसत असतो. फोटो बिघडला हे नंतर मागची स्क्रीन बघून कळतं. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये बटण दाबायच्या आधीच पिसं जळालेली दिसतात. तू लगेच एक्स्पोजर खाली आणतेस. कारण आणि परिणाम एकाच वेळी डोळ्यांपुढे. एक्स्पोजर शिकवणारा याहून चांगला गुरू मला माहीत नाही.

भाची: उलट मी म्हणेन, न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधता येणं हेच शिकणं. पांढरा पक्षी, काळं पाणी, म्हणजे एक स्टॉप कमी. हे एकदा अंगवळणी पडलं की कुठल्याही कॅमेऱ्यावर चालतं.

मामा: पडतं, मान्य. पण ज्या महिन्यांत ते अंगवळणी पडत असतं, त्या महिन्यांतले पक्षीही खरेच असतात. फ्लेमिंगो आपला सराव व्हायची वाट बघत थांबत नाहीत.

भाची: बरं, बॅटरीचं बोलू. ठरलेल्या प्रमाणित चाचणीत डी ५०० एका बॅटरीवर १,२४० फोटो देतो. झेड ५० टू अडीचशेच्या आसपास. कुंभारगावला पहाटे होडीत बसलं की मी दुपारीच किनाऱ्यावर येते. मधेच बॅटरी संपली तर?

मामा: ते आकडे एकेक फोटो घेऊन, मधे कॅमेरा बंद-चालू करून काढलेले असतात. पक्ष्यांच्या कामात तू सलग फ्रेम घेतेस, तेव्हा दोन्ही कॅमेऱ्यांचा आकडा कितीतरी वर जातो. तरी मिररलेस जास्त बॅटरी खातो हे खरंच, कारण डोळा लावलेला असेपर्यंत सेन्सर आणि स्क्रीन दोन्ही चालू. दोन जादा बॅटऱ्या ठेवायच्या. शिवाय तो यूएसबी-सी वर चार्ज होतो, होडीत पॉवर बँक लावता येते.

भाची: म्हणजे त्या बॅटऱ्यांचे पैसेही धरायचे. आणि हलका म्हणून मिररलेस, हेही मला फारसं पटलेलं नाही. डी ५०० बॅटरीसकट ८६० ग्रॅम. झेड ५० टू ५५० चा. पण २००-५०० ची लेन्स एकटी २,३०० ग्रॅम! एकूण वजनात फरक पडून पडून किती पडणार?

मामा: बरोबर. लांब लेन्सच्या कामात वजनाचा मुद्दा जवळजवळ निकालात निघतो. काच ती काचच. माझी ७०-२०० एफ २.८ जुन्या माउंटची १,४३० ग्रॅमची आणि नवी त्याच तोडीची. वजन कमी करायला मिररलेस घेतो म्हणणाऱ्याने छोट्या लेन्स वापरायची तयारी ठेवावी.

भाची: चला, एका मुद्द्यावर तरी माझ्या बाजूला आलास! मग आवाजाबद्दल सांग, तिथे तू जिंकणार हे मला ठाऊक आहे.

मामा: जिंकण्या-हरण्याचं नाही, पण ते खरंच मोलाचं आहे. सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मैफिलीत गायिका मंद्र षड्जावर स्थिरावत असते, आणि पुढच्या रांगेतून आरसा खाडकन आपटतो. ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडायलाच हवी. नाटकातल्या शांत प्रसंगातही तेच. मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की काही ऐकूच येत नाही. फोटो काढणारा कार्यक्रमात व्यत्यय उरत नाही. पक्ष्यांच्या बाबतीतही, लपणातून जवळच्या पक्ष्याचे फोटो घेताना हे उपयोगी पडतं.

भाची: पण त्या शांततेची किंमत आहे. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एकदम वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतं. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलवाल्याचा हात वेगाने खाली येत असताना फोटो घेतला तर टिपरू वाकडं दिसतं. पक्ष्याचे पंखही तसेच.

मामा: अगदी. आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. मंगल कार्यालयात त्या उजेडात इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की फोटोवर आडवे काळसर पट्टे येतात. म्हणून लग्नात मी यांत्रिक शटरच लावतो. झेड ८ आणि झेड ९ मध्ये सेन्सर इतका झपाट्याने वाचला जातो की यांत्रिक शटर काढूनच टाकलंय. पण ते कॅमेरे तुझ्या बजेटचे नाहीत आणि माझ्याही नाहीत. नव्या तंत्राचं कौतुक ऐकताना ते कुठल्या किमतीच्या कॅमेऱ्याबद्दल चाललंय, हे विचारलंच पाहिजे.

भाची: जेजुरीचंही सांग. सोमवतीला भंडारा उधळला की हवा पिवळी होते. तिथे लेन्स बदलायची वेळ आली तर मिररलेसचा सेन्सर समोर उघडा पडतो. डीएसएलआरमध्ये निदान आरसा आणि मिटलेलं शटर त्याच्या पुढे असतं.

मामा: कॅननच्या बऱ्याच मिररलेसमध्ये कॅमेरा बंद केला की शटरचा पडदा सेन्सरवर येतो. निकॉनने झेड ८ आणि झेड ९ ला पडदा दिलाय, झेड ५० टूला नाही. पण डीएसएलआरमध्येही भंडारा आरशाच्या कप्प्यात शिरतो आणि नंतर सेन्सरवर जातोच. जेजुरीत लेन्स बदलायचीच नाही, हा दोन्हींसाठी एकच नियम. घरून निघतानाच लेन्स ठरवायची.

भाची: मग आता मुख्य मुद्द्यावर येते. मामा, माझ्या पैशांचं गणित लेन्सवर अडतं. झेड ५० टूवर निकॉनची नवी १८०-६०० घ्यायची म्हटली तर ते माझ्या आवाक्याबाहेर जातं. बॉडी नवी आणि लेन्स छोटी, असं केलं तर पक्षी फ्रेममध्ये ठिपक्याएवढा. डोळा ओळखणारा फोकस त्या ठिपक्याचं काय करणार? जुन्या बॉडीमुळे उरलेला पैसा लांब लेन्समध्ये जातो, आणि पक्ष्यांच्या फोटोत लांब लेन्सला पर्याय नाही.

मामा: यात तुझं शंभर टक्के बरोबर आहे. पण तू एक वाट सोडतेयस. २००-५०० वापरलेलीच घे, आणि ती एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावून झेड ५० टूवर चढव. लेन्स जुनी, बॉडी नवी.

भाची: अ‍ॅडॅप्टरने फोकस मंदावत नाही?

मामा: त्या लेन्समध्ये फोकसची मोटर आतच आहे आणि तिच्या छिद्राच्या पाकळ्याही विजेवर चालतात, त्यामुळे अ‍ॅडॅप्टरला फक्त निरोप पोचवायचा असतो. अ‍ॅडॅप्टरमध्ये काचही नसते, ती नुसती पोकळ नळी आहे. का, ते समजून घे. डीएसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागते, म्हणून निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे. १९५९ पासून तेच. आरसा काढल्यावर झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटरवर आलं. मधला साडेतीस मिलिमीटरचा फरक नळीने भरून काढायचा, की जुनी लेन्स नव्या बॉडीवर जशीच्या तशी चालते. उलट करायला गेलीस तर नव्या लेन्सला बैठकीपासून साडेतीस मिलिमीटर आत, सेन्सरकडे नेऊन बसवावं लागेल, आणि तिथे आरसा आहे. म्हणून ही वाट एकेरी आहे. जुनी लेन्स पुढे जाते. नवी मागे येत नाही.

भाची: सगळ्या जुन्या लेन्स पुढे जातात? तुझी ती ८०-२०० एएफ-डी?

मामा: ती नाही. एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीतली मोटर बारीक दांड्याने ती फिरवते. डी ५०० आणि माझ्या डी ७५० मध्ये ती मोटर आहे, एफटीझेडमध्ये नाही. ८०-२०० झेडवर लागते, पण फोकस हाताने करावा लागतो. म्हणूनच डी ७५० मी विकलेला नाही. कॅननवाल्यांना ही अडचण नाही. १९८७ पासूनच्या त्यांच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आतच, आणि अ‍ॅडॅप्टरवर त्या सगळ्या ऑटोफोकस करतात. म्हणून जुनी लेन्स घेताना मोटर आत आहे का, हे आधी पाहायचं.

भाची: मग यातून एक गोष्ट माझ्यासाठी अगदी स्पष्ट झाली. २००-५०० घेणं दोन्ही वाटांवर योग्यच आहे. ती आज डी ५०० वर चालेल आणि उद्या मिररलेसवरही. प्रश्न उरतो फक्त बॉडीचा. आणि बॉडीत मी कमीत कमी पैसे गुंतवावेत, कारण बॉडीच लवकर जुनी होते.

मामा: मुद्दा चोख आहे. माझं म्हणणं इतकंच, की डी ५०० च्या माउंटला आता कंपनीकडून नवं काही येणार नाही. सुटे भाग जोवर आहेत तोवर आहेत. यांत्रिक शटर झिजतं. निकॉनने डी ५०० चं शटर दोन लाख फ्रेमपर्यंत तपासलेलं आहे. सेकंडहँड घेतेस तर शटर काउंट फोटोच्या फाइलमधून वाचून बघ, विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नकोस. खेळाचे किंवा पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा दोन वर्षांतही दीड लाखावर गेलेला असू शकतो.

भाची: आणि लेन्समध्ये काय बघू?

मामा: मोबाइलचा टॉर्च मागून लाव, पाकळ्या पूर्ण उघड्या ठेव आणि पुढून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंची नक्षी दिसली तर बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बंद बॅगेत राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते, आणि काचेवरचा थर एकदा खाल्ला की तो साफ करूनही परत येत नाही. मग २०० वर, ३०० वर, ५०० वर, तिन्ही ठिकाणी फोटो काढून मोठे करून बघ. झूमचं कडं फिरवताना अडकतंय का, कंपन कमी करणारी यंत्रणा चालू केल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिरावतं का, हेही बघ. घरी आणलीस की हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेव. हे नव्या लेन्सलाही लागू.

भाची: सुटे भाग एक दिवस मिळायचे थांबतील, हे मी धरूनच चालते. त्या धोक्यामुळेच तर किंमत उतरलीय. ज्या यंत्राला एकेकाळी सर्वोत्तम म्हणत होते ते आज मला परवडतं, कारण बाकीचे पुढे गेले. त्या कॅमेऱ्याचं अंग दणकट आहे, बटणं अंधारात उजळतात, एक्सक्यूडी कार्डावर तो एका दमात २०० रॉ फ्रेम घेतो. हे सगळं झेड ५० टूमध्ये नाही. तो नवा असला तरी त्याच्या घरात धाकटा आहे.

मामा: ही तुलना मला आवडली, आणि तीच खरी आहे. जुना विरुद्ध नवा असं म्हणतात, पण प्रत्यक्षात त्याच पैशांत जुना थोरला की नवा धाकटा, असं निवडायचं असतं. थोरल्याकडे बांधा, बटणं, टिकाऊपणा. धाकट्याकडे डोळे. आणि फोटोग्राफीत मला डोळे जास्त मोलाचे वाटतात. डी ७८० चंच बघ. २०२० मधला निकॉनचा तो डीएसएलआर, पण त्याच्या सेन्सरवर झेड ६ सारखाच फोकस बसवलाय. व्ह्यूफाइंडरमधून तो डीएसएलआर आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये मिररलेस! चेहऱ्याचा फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये जास्त खात्रीने येतो. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही पद्धती ठेवल्यावर कुठली कशाला बरी, ते तिथेच दिसतं.

भाची: चेहऱ्याला ती, आणि आडव्या उडणाऱ्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना व्ह्यूफाइंडर. दोन्ही ठेवली होती, ती काहीतरी विचार करूनच ना?

मामा: हो. मी तुला डीएसएलआर टाकाऊ आहे असं सांगत नाहीये. ते खोटं ठरेल. जगातले कितीतरी उत्तम फोटो त्यावर निघालेत आणि ते फोटो नव्या कॅमेऱ्यांमुळे काही जुने झाले नाहीत.

भाची: मग माझं ठरलेलं ऐक. २००-५०० आधी घेते, नीट पारखून. त्यावर डी ५०० घेते, शटर काउंट कमी असलेला. वर्षभर त्यावर काम करते आणि प्रत्येक फेरीनंतर जे फोटो टाकून द्यावे लागतील, ते का टाकावे लागले ते लिहून ठेवते. कारणं पाचच: फोकस चुकला, शटर संथ पडलं, बटण दाबायला उशीर झाला, पक्षी लांब होता, उजेड वाईट होता.

मामा: हे फार चांगलं आहे. हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाने केलं पाहिजे, आणि नवा कॅमेरा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने पैसे मोजायच्या आधी केलं पाहिजे. फोकस चुकलेले जास्त निघाले तर मिररलेसने तुझा खरा फायदा होईल.

भाची: आणि लांब होता, उजेड वाईट होता, हे जास्त निघाले तर कुठल्याही बॉडीने होणार नाही. लेन्स, पहाटे लवकर उठणं आणि जास्त वेळ बसणं, एवढाच उपाय.

मामा: उशीर मात्र नव्या कॅमेऱ्याच्या खात्यात धर. झेड ५० टूमध्ये बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या क्षणांच्या फ्रेम जेपेगमध्ये साठवायची सोय आहे. खंड्या फांदीवरून सुटला हे बघून तू बटण दाबलंस, तरी सुटतानाची फ्रेम तुझ्याकडे असते. माणसाच्या प्रतिक्रियेला जो वेळ लागतो तो यंत्र भरून काढतं.

भाची: ठीक. म्हणजे दोन कारणं तुझ्या बाजूची, दोन माझ्या बाजूची. संथ शटर?

मामा: ते कुणाच्याच बाजूचं नाही. ते तुझ्या बोटाचं काम आहे. उडत्या पक्ष्याला सेकंदाच्या दोन हजारांशाच्या खाली उतरायचं नाही, आयएसओ वाढला तरी चालेल. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

भाची: वर्षाअखेरीस ती यादी घेऊन साताऱ्याला येते. तुझी दोन कारणं भारी ठरली तर डी ५०० विकून तुझा झेड. लेन्स राहील तीच.

मामा: तोवर लग्नाच्या हंगामात माझ्याबरोबर ये. झेड ६ थ्री तुझ्या हातात देतो, मी डी ७५० वापरतो. अंतरपाट दूर होतो तेव्हा नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात ते एक-दोन सेकंद टिकतं, आणि अक्षतांमधून चेहऱ्यावर फोकस धरायचा असतो. तिथे दोन्ही पद्धती वापरून बघ आणि त्याही फोटोंची अशीच यादी कर. पक्ष्यांच्या यादीवरून माणसांचा कॅमेरा ठरवू नकोस, आणि माझ्या लग्नांवरून तू पक्ष्यांचा ठरवावास, असा आग्रह मीही धरणार नाही.